आमच्या बावीवरचा संकासूर

संकासुराचं काम करणारे ते गृहस्थ गेल्या श्रावणात वारले. त्यांच्या गावाकडून मालवणच्या बाजाराला येणाऱ्या एका बाईने मला सांगितलं. भर पावसात, नाटकं बंद असतात त्या दिवसांत वारले, त्यामुळे कुठल्या गावच्या जत्रेची खोटी झाली नाही. त्यांचं असंच असायचं. उशिरा यायचे, पण खोटी होऊ देत नसत.

आता बाजारात त्यांच्या गोष्टी चालतात. मासळीची टोपली घेऊन बसलं की कानावर पडतात. सांगणारा प्रत्येक जण त्यांना ओळखत होता म्हणे. त्यात आमच्या गावच्या जत्रेची एक गोष्ट हमखास निघते, की एका वर्षी संकासूर येऊन उभा राहिला आणि एक शब्द बोलला नाही. कोणी म्हणतं घसा बसला होता. कोणी म्हणतं नाईकाशी, म्हणजे कंपनीच्या मुख्य माणसाशी, बिनसलं होतं. एकाने तर त्यांना भूत दिसलं असं सांगितलं. भाव सांगण्यापलीकडे मी बाजारात सहसा बोलत नाही. पण तो प्रकार आमच्या घरापासून सुरू झाला, म्हणून लिहून ठेवते. चौथीपर्यंतच शिकले आहे, तेव्हा जमेल तसं.

आमच्याकडे जत्रेला देवळासमोर दशावतारी नाटक होतं. त्याला दहीकाला म्हणतात, कारण उजाडताना दहीहंडी फोडून ते संपतं. सुरुवातीला गणपती येतो, मग ब्रह्मदेव, आणि मग ब्रह्मदेवाचे वेद चोरायला संकासूर. काळा अंगरखा, तोंडावर काळा बुरखा, त्यातून लोंबणारी तांबडी जीभ. देव सगळे पुस्तकातल्या भाषेत बोलतात, संकासूर आमच्यासारखा बोलतो. शेवटी विष्णू त्याला मारून वेद परत आणतात, पण तोवर तो गावातल्या प्रत्येकाची फिरकी घेतो आणि लोकही त्याला बसल्या जागेवरून उत्तरं देतात. लिहिलेलं काही नसतं. सुचेल ते बोलायचं. ह्या गृहस्थांना जे सुचायचं ते दुसऱ्या कोणाला सुचलेलं मी ऐकलं नाही.

गावोगाव त्यांना संकासूरच म्हणत. माझी बायकोसुद्धा मला त्याच नावाने हाक मारते, असं ते सांगायचे. खरं-खोटं माहीत नाही.

आमचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर, समुद्राच्या बाजूला. वाडीतल्या बाकीच्या बावींचं, म्हणजे विहिरींचं, पाणी मचूळ, आमच्या बावीचं गोड. त्यामुळे कंपनीतले लोक आंघोळीला आणि पाण्याला आमच्याकडे येत. तेव्हा मोटाररस्ता झाला नव्हता. एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला सगळे चालत जात. पुढे पेटारा, म्हणजे सोंगांची आणि कपड्यांची मोठी पेटी, मागून मंडळी, आणि मंडळींच्याही मागे, दिसणार नाहीत इतके मागे, हे. वाटेत कोणी गवत कापताना दिसलं की हे बांधावर बसलेच. "राती झोप लागली काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि उत्तराची ते खरोखर वाट बघत. एका म्हातारीला झोप लागत नव्हती, तिच्यापाशी ते संध्याकाळपर्यंत बसले होते. नाईक आमच्या पुढच्या अंगणात, खळ्यात, येऊन पाणी मागत आणि कपाळाला हात लावून म्हणत, "देव सगळे इले. राकस अजून मागच्या गावात आसा."

खाडी ओलांडताना मात्र ते सर्वांच्या मध्ये बसत. त्यांना पाण्याची भीती होती. तरीत पाय टाकला की डोळे मिटून घेत आणि तरीवाल्याला म्हणत, "पल्याड इला की सांग रे. तोपर्यंत मी मेललंय."

माझे सासरे तांडेल. होडी आणि जाळं त्यांच्या हुकमात असायचं. संकासुराचं गाव कसाल, समुद्रापासून लांब आत, म्हणून सासऱ्यांना ह्या भीतीची गंमत वाटे.

"संकासुरा, फाल्यां चल होडयेत. जितो बांगडो कसो दिसता तो बघ."

"तांडेला, बांगडो माका बघूक कधी कसालाक इलो काय? मग मी कित्याक जाव?"

सासरे दिवसभर त्यावर हसत. माझ्या आठवणीत सासरे हसले ते त्या माणसासमोरच.

मी लग्न होऊन आले त्या वर्षीच्या जत्रेत त्यांना पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे पाहिलं असं नाही. बावीवर परका पुरुष दिसला, तशी मी कळशी टाकून मागच्या दाराने पळाले. परत डोकावले तर ते बावीजवळच्या माडाशी बोलत होते.

"माडा, ह्या घरची सून माका भिता रे. तिका सांग, संकासूर रातचो. दिसाचो मी साधो माणूस, एका बायलेचो घोव, आणि तिकाच भिणारो."

मी त्या वर्षी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी धीर करून मीही माडाला सांगितलं, "माडा, कळशी भरान ठेवलंय. तांब्यो कठड्यार आसा."

ते माडावर रागावले. "आयकलंस? ह्या घरात बोलणारी सून आसा आणि तू वरसभर माका सांगूक नाय?"

त्यानंतर आमचं बोलणं माडामार्फत चालायचं. त्यात मला अवघड वाटत नसे. सासूबाईंना तो वेडेपणा वाटे, पण त्या काही म्हणत नसत, कारण बाकीचा वेळ त्या स्वतःच बोलत.

जेवताना ते अवाक्षर काढत नसत. पंगतीत कोणी विनोद सांगायला लागला की हात वर करून थांबवत. "हसला की काटो आडकता. आधी गिळ." आदल्या वर्षीचा विनोद पुन्हा सांगा म्हटलं तर सांगत नसत. "तो संपलो. नवीन पिकलो तर घेवन येतंय." मासे विकणाऱ्या माणसाला हे पटण्यासारखं होतं.

बुरख्याच्या भोकांतून त्यांना धड दिसत नसे. समोर कोण आलंय, कोण नाही, हे ते हसण्यावरून ओळखत. सासूबाईंचं हसणं म्हणजे भांड्यांची उतरंड कोसळावी तसं. गावचे मानकरी, देवळाचा पहिला नारळ ज्यांचा, ते सगळ्यांचं हसून झालं की मागाहून एकदाच 'हुं' करत. सकाळी बावीवर तोंडाचा रंग धुताना ते हिशेब सांगत.

"आये, काल पयल्या हशाक तू नव्हतंस. खंय होतंस?"

"वाती करी होतंय रे मेल्या."

"तां बरा. दुसऱ्याक इलंस, तां आयकलंय."

रंग त्यांच्या तोंडाला असायचा, कारण संकासूर मारला गेला की तेच पुढच्या नाटकात कोणा राजाचा वेंधळा नोकर होत. एका माणसाला एका जत्रेत दोनदा हसवायला लागे, आणि पैसे एकदाच, असं नाईक म्हणत.

आता त्या वर्षाचं सांगते.

देवाची पालखी समुद्रावर येते त्या दिवशी गावातली एकही होडी पाण्यात लोटायची नाही असा आमच्याकडे रिवाज आहे. देव बाहेर असताना त्याच्याकडे पाठ करून जायचं नाही. पालखी देवळात शिरली की मग मोकळीक. परतताना पालखी वाटेत वडाखाली विसावा घेते. त्या वर्षी दुपार कलताना सासऱ्यांना किनाऱ्यावरून बांगड्यांचा मोठा मेळ दिसला. पाणी काळसर झालं होतं आणि वर पाखरं घिरट्या घालत होती. ढोल ऐकू येईनासा झाला होता, म्हणून त्यांना वाटलं पालखी पोचली. त्यांनी आणि आमच्या ह्यांनी होडी लोटली. पालखी अजून वडाखालीच होती. ढोलवाले पाणी पीत होते, एवढंच.

होडी भरून आली. सासरे म्हणाले, पालखीच्या दिवशी देवाने दिलं आहे, विकायचं नाही. मी टोपली घेऊन प्रत्येक घराच्या मागच्या दारी बांगडे देऊन आले. त्या संध्याकाळी सबंध गावात एकच वास होता. होडी केव्हा लोटली हे कोणी विचारलं नाही. ते दुसऱ्या दिवशी विचारलं.

मानकऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. तांडेलाने देवळासमोर नारळ ठेवावा आणि चुकलो म्हणावं, विषय संपला. सासरे म्हणाले, "नारळ ठेवतंय. चुकलो म्हणाचंय नाय. बांगडे देवान धाडले, मी हाडलंय. कोणाचा काय चुकला?" मानकरी म्हणाले म्हणावं लागेल. सासरे म्हणाले म्हणणार नाही. दोघंही आपापल्या बापासारखे होते, असं सासूबाई म्हणत. गावाने आम्हाला वाळीत टाकलं.

ह्यात आरडाओरडा काही नसतो. आमच्याशी कोणी बोलायचं नाही, आमच्याकडचं पाणी कोणी घ्यायचं नाही, आणि जो बोलेल किंवा पाणी घेईल तोही आमच्यासारखाच बाहेर. दुकानदार मला बघून वजनं पुसत बसे. जाळं ओढायला कोणी येईना, तेव्हा बाप-लेक दोघंच होडी घेऊन जात आणि मी मासळी मालवणपर्यंत डोक्यावरून नेत असे. मला त्याचा फार त्रास झाला नाही. मी आधीही फारशी बोलत नव्हते. सासूबाईंचे मात्र हाल झाले. मानकऱ्यांची बायको आणि त्या एकाच माहेरगावच्या, रोज मधल्या दगडी गडग्यापाशी उभ्या राहून बोलायच्या. ती वाटेत तोंड फिरवून जाऊ लागली. सासूबाई मांजराशी बोलू लागल्या, आणि मांजर बाहेर गेलं की गप्प बसत.

खरी अडचण नणंदेची होती. तिचं लग्न देवगडकडे ठरलं होतं. तिकडून निरोप आला, "गाव तुमच्या मांडवात उभो ऱ्हवात तर आमी येतंव. जत्रेपर्यंत वाट बघतंव. नायतर आमका दुसरा स्थळ इला हा." त्यांचीही चूक म्हणता येत नाही. ज्या घराला गाव विचारत नाही तिथून मुलगी कोण नेणार? नणंद म्हणाली, "माका काय, मी व्हनीवांगडा मासे विकीन." पण ती रोज पहाटे उठून वाटेकडे बघायची, कोणी बोलतं का. सासऱ्यांनाही ते दिसत होतं. ते रात्रभर कुशी बदलत आणि सकाळी तेच वाक्य म्हणत, नारळ ठेवीन, चुकलो म्हणणार नाही.

मग जत्रा आली. कंपनी पोचल्याबरोबर मानकऱ्यांनी नाईकाला देवळापाशी बोलावून आमच्या घराविषयी ताकीद दिली. नाईकांनी ती सगळ्यांना सांगितली. संकासूर नेहमीप्रमाणे मागे होते. ते मागच्या पाणंदीने सरळ आमच्या बावीवर आले, तांब्या बुडवला आणि तोंडाशी नेला.

मी घाईने म्हणाले, "माडा, तेंका सांग, ह्या घराचा पाणी पियाचा नाय."

तांब्या तोंडाजवळ थांबला. "माडा, इचार तिका, कित्याक?"

मी सांगितलं. पालखी, वड, बांगडे, नारळ, देवगडचा निरोप, सगळं. परक्या माणसासमोर मी इतकं कधी बोलले नव्हते, आणि तेही एका माडाकडे बघून. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "बांगडे कोणी कोणी खाल्ले?" मी म्हणाले सगळ्यांनी. "कशे कशे?" मला त्यात काय विचारायचं ते कळलं नाही, पण टोपली मीच फिरवली होती आणि दुसऱ्या दिवशी त्या दारांवरून गेलेही होते. मानकऱ्यांकडे तिखट-कोकमाचं तिखलं केलं होतं, गुरवाने निखाऱ्यावर भाजले, दुकानदाराने मीठ लावून वाळवले. ते ऐकत राहिले. मग त्यांनी तांब्या उचलून सगळं पाणी प्यायलं आणि खळ्यात जाऊन सासऱ्यांना विचारलं, "तांडेला, जेवाक काय आसा?"

सासरे जाळं विणत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "संकासुरा, हंय जेवलंस तर गाव तुका वाळीत घालतलो. तुझी जत्रा जायत."

"वाढूक सांग."

पेज आणि सुके बांगडे वाढले. सासरे पुन्हा काही बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला. "जेवताना बोला नको. काटो आडकता."

गुरव गडग्याबाहेरून बघून गेला. थोड्या वेळाने नाईक धावत आले. ते आत येईनात, बाहेरूनच ओरडले, "अरे मेल्या, काय केलंस ह्या! तुझ्यावांगडा आता कोणी बोलूचा नाय म्हणान गावान सांगल्यानी!"

"मग तू काय करतंस?"

नाईकांनी मागे वळून देवळाकडे पाहिलं. "मी बोलाक नाय. मी बोंब मारतंय."

"मार. पण तुझी दुसरी गावां जातली नाय मां माझ्यापायी?"

नाईक तसेच मागे फिरले. हा प्रश्न त्यांच्याही मनात होता. एका गावाने नाकारलेल्या नटाला दुसरं गाव सहज बोलावत नाही. आणि संकासुराच्या घरी खाणारी तोंडं बरीच होती. मी दाराआडून पाहिलं, त्यांनी ताट धुवून पालथं घातलं आणि पडवीत आडवे झाले. लगेच झोप लागली.

देवळापाशी बराच वेळ खल चालला. संकासुराशिवाय काला होत नाही. वेद चोरलेच गेले नाहीत तर विष्णू आणणार काय? आणि अर्धा काला देवाला चालत नाही. त्यांचं सोंग दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. शेवटी मानकऱ्यांनी ठरवलं की त्याने आपलं काम करावं, पण गावातलं कोणी त्याच्याशी बोलणार नाही. बाकी उद्या बघू. गावाला हे बरोबर वाटलं. संकासुराचं काम म्हणजे काय असतं, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही.

देवाच्या जत्रेला आम्हाला कोणी अडवू शकत नव्हतं. आम्ही गॅसबत्तीच्या उजेडापलीकडे, आंब्याखाली उभे राहिलो. सासरे आमच्यापासूनही थोडे दूर. गणपती झाला. ब्रह्मदेव येऊन बाकावर बसले. मृदंग वाजला. दरवर्षी संकासूर मागून आरोळी ठोकत लोकांमधून यायचा आणि पोरं किंचाळत पळायची. त्या वर्षी तो बाजूने गुपचूप आला आणि मध्ये उभा राहिला.

"कोण रे तू दुष्टा?" ब्रह्मदेवांनी विचारलं.

संकासूर गप्प.

ब्रह्मदेवांनी पुन्हा विचारलं. मृदंगवाल्याने थाप दिली. लोक हसले, आता बोलेल म्हणून. तो ब्रह्मदेवांच्या शेजारी बाकावर जाऊन बसला, हनुवटीला हात लावला आणि लोकांकडे बघत राहिला. बराच वेळ झाला. हसू विरून गेलं. कुठेतरी एक मूल म्हणालं, "बोल रे संकासुरा!"

तो ताडकन उठला. त्या आवाजाच्या दिशेने वाकून नमस्कार केला, आणि तू इकडे माझ्या बाजूला ये, अशी हाताने खूण केली. मग पुन्हा जाऊन बसला.

एका म्हातारीला राहवलं नाही. "मेल्या, तोंडात काय बांगडो धरलंस?"

तिलाही नमस्कार, तिलाही तीच खूण. मागून कोणी ओरडला, "बोल मां रे, रात जाता!" त्यालाही. मग हळूहळू लोकांना उमगलं. एक जण मोठ्याने म्हणाला, "अरे, मी पण वाळीत गेलंय!" आणि जो हशा उसळला तो आवरेना. मग तर लोक मुद्दाम ओरडू लागले. दुकानदार ओरडला, ढोलवाले ओरडले, बायका ओरडल्या. संकासूर प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता आणि आपल्या बाजूला बोलावत होता. शेवटी पलीकडे मानकरी आणि त्यांच्या शेजारी गुरव, एवढेच उरले.

मानकरी म्हणाले, "गुरवा, तेका सांग बोलाक."

गुरव म्हणाला, "म्हाराज म्हणतत, बोल."

संकासुराने गुरवाला नमस्कार केला आणि आपल्या बाजूला बोलावलं.

ह्यावर हसायला कोणाला दम उरला नव्हता. मानकरी बसल्या जागी बघत राहिले. काला उजाडायच्या आत व्हायला हवा होता, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. ते उठले, उपरणं सारखं केलं, आणि सरळ त्याच्याकडे बघून म्हणाले, "संकासुरा, बोल."

संकासूर त्यांच्याकडे वळला नाही. तो उजेडाच्या कडेपर्यंत चालत आला आणि आमच्या अंधाराकडे तोंड करून म्हणाला, "तांडेला, आयकलंस मां? गाव आपल्यावांगडा बोललो."

माझ्या शेजारी भांड्यांची उतरंड कोसळली. सासूबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. त्यांच्या पाठोपाठ सगळं गाव. सगळ्यांचं झाल्यावर मानकऱ्यांचं 'हुं' आलं.

पुढे तो थांबलाच नाही. ब्रह्मदेवांना म्हणाला, "देवा, वेद मी चोरलंय खरे, पण खावक नाय. ह्यांनी बांगडे खाल्ल्यानी आणि काटो सुदिक ठेवूक नाय!" मग त्याने घराघरातलं सांगितलं. मानकऱ्यांचं तिखलं, गुरवाचे निखारे, दुकानदाराचं मीठ. नाव घेतलं की त्या घरचे लोक ओ देऊन कबूल करत होते. विष्णूंना त्याला मारायला फार उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी देवळाच्या पायरीवर नारळ ठेवला. मानकऱ्यांनी तो स्वतः उचलला. चुकलो असं सासरे पुढे मरेपर्यंत म्हणाले नाहीत आणि मानकऱ्यांनी ते विचारलं नाही.

हे झालं रात्रीचं. त्यानंतरची, नारळ ठेवण्याआधीची, उजाडतानाची गोष्ट बाजारात कोणी सांगत नाही, कारण तेव्हा तिथे आम्हीच होतो.

हंडी फुटली, लोक घरी गेले. ते आमच्या बावीवर तोंड धुवायला आले. मी पाणी काढून देत होते. अर्ध्या तोंडाचा रंग गेला होता, अर्धा होता. सासूबाई चुलीपाशी होत्या. एवढ्यात गडग्यापलीकडे मानकऱ्यांची बायको येऊन उभी राहिली. पदर तोंडाशी धरला होता.

"गो," ती म्हणाली, "कोकमां आसत काय मूठभर?"

सासूबाई फुंकणी घेऊनच बाहेर आल्या. "कोकमां? इतके म्हयने काय चिंच घालून खाल्लंस? तेवां तोंडाक खीळ मारलेली काय?"

"घोवान सांगल्यान, बोला नको म्हणान. मी काय करू?"

"घोवान सांगल्यान! घोवान सांगल्यान पोटभर जेव नको, तर तां आयकलंस कधी?"

"शिरा पडो तुझ्या तोंडार! तू वाटेर दिसतलंस म्हणान पाणंद सोडून शेतातसून जाय होतंय मी. पायाक काटे लागले, हे बघ!"

"बरे लागले!"

"आणि चेडवाच्या लग्नाचा काय ठरवलंस? माका इचारल्याशिवाय?"

"इचारूक तू होतंस खंय गो, मेले?"

"आता आसंय मां! मांडवात पयली मी उभी ऱ्हवतलंय. कोण आडवता तां बघतंय."

"आधी घोवाक इचार!"

"घोव गेलो खड्ड्यात!"

नणंद पडवीत खांबाला धरून उभी होती. ती घरात पळाली. आवाज वाढत चालला होता. एकीच्या हातात फुंकणी आणि दुसरी गडग्यावर चढू बघत होती. मी कळशी ठेवून मध्ये पडायला निघाले.

"ऱ्हव गो," ते म्हणाले. माडाला नाही, मला. "मधी जाव नको. पोटभर भांडूक दी."

त्यांनी खांद्यावरचा पंचा कठड्यावर अंथरला आणि त्यावर नीट बसले. अर्धा रंग तसाच होता, तोंडावरून पाणी ओघळत होतं. दोघी एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचल्या होत्या. पाणंदीतून नाईकांची हाक आली, "अरे चल! पेटारो कधीच मुखार गेलो!"

त्यांनी मागे न बघता हात हलवला.

"तुमी व्हा मुखार," ते म्हणाले. "माका आज बघूक गावला."